नाव न घेता आपल्या गटाचा इतिहास कसा लिहावा

आमचा गट कधी सुरू झाला, असं विचारलं तर तिघांची तीन उत्तरं येतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात, लायब्ररीमागच्या कडुनिंबाखाली आम्ही बसायचो. कोणी गे, कोणी लेस्बियन, एक ट्रान्स मैत्रीण. गटाला नाव नव्हतं, रजिस्टर नव्हतं, फोटो तर नाहीच. मागच्या दोन उन्हाळ्यांत मी हा इतिहास लिहून काढला. तुमच्या कॉलेजात असा गट असेल तर माणसं पांगायच्या आत तुम्हीही लिहा.

सगळ्यात आधी, सभासदांची यादी करू नका. ही अडचण जुनी आहे. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात स्टीफन डोनाल्डसन या विद्यार्थ्याने असा गट काढला, तेव्हा मान्यतेसाठी सभासदांची नावं मागण्यात आली. मग तिथल्या नावाजलेल्या विद्यार्थी पुढाऱ्यांनी कागदोपत्री सभासद म्हणून आपली नावं दिली. खऱ्यांची झाकली राहिली आणि एप्रिल १९६७ मध्ये मान्यता मिळाली. डोनाल्डसन हेसुद्धा त्याने घेतलेलं नाव. आमच्याकडे असे पुढारी कुठले? आम्ही झाडांची नावं घेतली. ज्याने त्याने आपल्या शिवारातलं झाड निवडलं: पळस, हिवर, चारोळी, बिब्बा. नाव त्या माणसालाच निवडू द्या.

तारीख विचारू नका, तेव्हा घरात-शेतात काय चाललं होतं ते विचारा. पळस म्हणाला, समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा कलम ३७७ चा निकाल आला तेव्हा बैलांच्या झुली धुऊन वाळत घातल्या होत्या. मी कॅलेंडर काढलं. निकाल गुरुवारी, ६ सप्टेंबर २०१८ ला, आणि पोळा रविवारी, ९ तारखेला. बरोबर जुळलं. चारोळी म्हणाली, कोर्टाने ट्रान्स माणसांना स्वतःची ओळख स्वतः सांगायचा हक्क दिला तेव्हा जयंतीचे निळे झेंडे अजून उतरले नव्हते. तो निकाल १५ एप्रिल २०१४ चा. ती बातमी तिने कडुनिंबाखालीच वाचून दाखवली होती, म्हणजे गट त्याच्या आधीचा. तिघांचं भांडण तिथं मिटलं.

"तुला कधी कळलं?" हा प्रश्न त्यांना आयुष्यभर लोक विचारतातच. तुम्ही विचारा, गटाने तुला काय दिलं? पळसचं उत्तर होतं, नागपूरचं बसभाडं. घरच्यांनी त्याला 'बरा' करायला कुठे कुठे नेलं होतं. आम्ही वर्गणी काढून त्याला नीट ऐकून घेणाऱ्या डॉक्टरकडे पाठवलं. त्याच्या पानाखाली मी दोन ओळी जोडल्या: गे-लेस्बियन-ट्रान्स माणसांना 'बरं' करण्याचा असा 'उपचार' राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये गैरवर्तन ठरवला आहे, आणि मन फार जड झालं तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर आहे. पुढे वाचणाऱ्या पोराला त्या लागतील.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती तुमच्याकडूनही होईल. हिवरच्या पानावर मी चारची एसटी लिहिली आणि जिनिंगमागचं घरही लिहिलं. नाव कुठेच नव्हतं. वाचून तो म्हणाला, "ताई, त्या गाडीनं जिनिंगमागून मी एकटाच येत होतो ना वं." त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन खुणा एका पानावर आल्या की खेड्यात माणूस सापडतो. एसटी ठेवा, घर काढा. जात, वडिलांचा धंदा, गावची जत्रा हे आधीच गाळा. आणि प्रत्येक पान सगळ्यात आधी ज्याचं त्यालाच वाचून दाखवा. तो नको म्हणाला तर कारण विचारू नका. दोन वर्षांनी नको म्हणाला तरी पान काढा.

अकरावी-बारावीची मुलं त्याच आवारात असतात. अठराच्या आतल्यांचं काहीच लिहू नका, ती हो म्हणाली तरी.

मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं तर उतरवून घेतल्यावर लगेच पुसा. आपल्याकडे एक फोन घरात चार हातांत फिरतो. हाताने लिहिलेल्या दोन प्रती पुरे. एक स्वतःकडे, दुसरी जिल्ह्याबाहेरच्या विश्वासाच्या माणसाकडे. शिवलेली वही घेऊ नका. सुटे कागद भोकं पाडून दोऱ्याने बांधा आणि पानांवर आकडे घालू नका, म्हणजे एखादं पान काढलं तरी ते काढल्याचं कोणाला कळणार नाही.