रात्री दोनला रेफरल कुठून आणणार? माजी सैनिकांसाठी तातडीच्या उपचारांचं बिल ईसीएचएसकडून कसं मिळवावं

आमच्या सातारा जिल्ह्यात अशी गावं आहेत, जिथं घरटी एक माणूस फौजेत असतो. पेन्शनीत आला की पाकिटात ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड येतं. योजना १ एप्रिल २००३ पासून चालू आहे, त्यामुळे एरवीची रीत पाठ असते: पॉलिक्लिनिकला (योजनेच्या दवाखान्यात) जा, रेफरल, म्हणजे पुढे पाठवल्याची चिठ्ठी, घ्या, मग पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या, हॉस्पिटलात दाखल व्हा. घोळ होतो तो रात्री दोनला छातीत कळ आली की.

तेव्हा रेफरल लागत नाही. सगळ्यात जवळचं हॉस्पिटल गाठा. पॅनेलची यादी मोबाईलवर शोधत बसू नका, ते काम मागे बसलेल्या पोराला द्या.

हॉस्पिटल पॅनेलवरचं निघालं तर काउंटरवर आधी कार्ड दाखवा. आई दाखल होत असेल तर आईचं कार्ड, वडिलांचं नव्हे. डिपॉझिट मागितलं तर भरू नका, उपचार कॅशलेस आहेत म्हणून सांगा. पॉलिक्लिनिकला कळवण्याचं काम हॉस्पिटलचं, तरी दुसऱ्या दिवशी आपण फोन करून खात्री केलेली बरी.

पॅनेलवर नसेल तर बिल आधी आपल्या खिशातून, मग परतावा. इथं सगळं अडतं ते ४८ तासांवर. दाखल केल्यापासून तेवढ्या वेळात जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं. ते आपलं नेहमीचंच असलं पाहिजे असं नाही. पुण्यात लेकाकडे असताना त्रास झाला तर पुण्यातल्या पॉलिक्लिनिकला कळवा. शनिवारी रात्री दाखल झालात तर सोमवारची वाट बघू नका, ई-मेल टाकून ठेवा. मजकूर एवढाच पुरे:

"सेवानिवृत्त हवालदार …, कार्ड क्रमांक …, यांना दि. … रोजी रात्री २.१० वाजता छातीत तीव्र वेदना झाल्याने … हॉस्पिटलच्या आयसीयूत तातडीने दाखल केले आहे. हॉस्पिटल पॅनेलवर नाही. नोंद घेऊन पोच द्यावी."

वेळ लिहायला विसरू नका. पाठवलेल्या मेलची प्रिंट पुढे क्लेमला जोडायची आहे.

तातडी होती हे कागदावर आणा. ते सिद्ध करायची जबाबदारी आपली असते आणि बहुतेक लोक इथंच गाफील राहतात. आमच्या आबांना एका खासगी हॉस्पिटलात नेलं तेव्हा घामानं बनियन पिळून निघालं होतं. पण डिस्चार्ज कार्डावर छापून आलं, "तपासणीसाठी दाखल." क्लेम परत आला. त्या एका ओळीपायी मी तीन हेलपाटे घातले, तेव्हा कुठं डॉक्टरांनी इमर्जन्सी सर्टिफिकेट दिलं. तुम्ही ते सुट्टी मिळतानाच मागा. आणलं तेव्हाचा बीपी, ऑक्सिजन, ईसीजीत काय दिसलं, लगेच दाखल का करावं लागलं, हे त्यात हवं. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, अपघातात डोक्याला मार, सर्पदंश, विषबाधा, भाजणं, श्वास अडकणं, उष्माघात ही तातडीच. उशीर झाल्यानं जीव किंवा अवयव गेला असता, असं काहीही त्यात बसतं. ठरवून केलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन बसत नाही, आणि तसं बसवायचा प्रयत्नही करू नये.

जिवावरचा धोका टळला की पेशंट पॅनेलवरच्या किंवा लष्करी हॉस्पिटलात हलवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. इथंच बरं वाटतंय म्हणून आठ दिवस जास्त राहिलात, तर त्या दिवसांचे पैसे अडकू शकतात.

कागद जमवा: इमर्जन्सी सर्टिफिकेट, डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार मूळ बिलं (नुसता "औषधे" असा एकच आकडा नको), पैसे भरल्याच्या पावत्या, रिपोर्ट, कार्डाची झेरॉक्स, कळवल्याचा पुरावा आणि रद्द केलेला चेक. स्टेंट बसवला असेल तर त्याचं स्टिकर आणि वेगळं बिल मागून घ्या. शेजारच्या तात्यांचं स्टिकर कचऱ्यात गेलं होतं, ते शोधायला अख्खी दुपार गेली.

ही फाईल आपलं नाव ज्या पॉलिक्लिनिकला आहे, तिथं द्या, आणि लवकर द्या. देण्याआधी प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढा. पोच तारखेसकट घ्या.

मिळणारी रक्कम सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दरानं ठरते, हॉस्पिटलच्या नाही. समजा बिल दोन लाखांचं झालं आणि त्या उपचाराचा ठरलेला दर सव्वा लाख असेल, तर सव्वा लाखच धरा. वॉर्डही हुद्द्याप्रमाणे ठरतो, तेव्हा हवालदारानं प्रायव्हेट रूम घेतली तर वरचा फरक त्याचाच.

क्वेरी आली तर तो नकार नसतो. मागितलेला कागद जोडायचा आणि पुन्हा पोच घ्यायची. आबांचा क्लेम तसाच पास झाला. आता त्यांच्या कपाटाच्या दारावर आतून कार्डाची झेरॉक्स चिकटवली आहे, खाली पॉलिक्लिनिकचा फोन आणि ई-मेल, रात्रीसुद्धा चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.