रोटरी इंजिनात प्रीमिक्स करताय? मग या चुका टाळा

पेट्रोलच्या टाकीत थोडं टू-स्ट्रोक ऑइल ओतायचं, काम एवढंच आहे, पण त्यातच इतक्या गडबडी होतात की चांगली चालणारी गाडी धूर काढायला लागते, किंवा उलट होतं, तेल घालतोय म्हणून मालक निर्धास्त राहतो आणि आत रोटरचे सील, म्हणजे कडांची गळती अडवणाऱ्या पट्ट्या, कोरडे फिरत असतात. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो वेळेवर कळतच नाही.

आधी हे तेल लागतंच कशाला ते बघू. पिस्टन इंजिनात खालून क्रँककेसमधलं तेल सिलिंडरच्या भिंतीवर उडत राहतं, रिंगांना आपोआप मिळतं. रोटरीत, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो त्या इंजिनात, तशी सोयच नाही. रोटरच्या तिन्ही टोकांना अ‍ॅपेक्स सील असतात, ते हाउसिंगच्या क्रोमवर सतत घासत फिरतात आणि जिथे घासतात तिथेच पेट्रोल जळतं, म्हणून तिथे तेल मुद्दाम पोचवावं लागतं आणि ते जळून जाणार हे धरूनच चालायचं. माझदाने त्यासाठी ऑइल मीटरिंग पंप दिला, सगळे त्याला ओएमपी म्हणतात, तो सम्पमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातलं, इंजिन ऑइल थोडं थोडं आत सोडतो. प्रीमिक्स म्हणजे हेच काम पेट्रोलबरोबर करून घ्यायचं. ही पद्धत काही कुणाच्या डोक्यातून परवा निघालेली नाही, १९७४ च्या हर्क्युलस डब्ल्यू-२००० या रोटरी मोटरसायकलला सुरुवातीला पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागायचं.

बाइकचा रेशो उचलून रोटरीत वापरणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक. टू-स्ट्रोक तेलाच्या डब्यावर १:५० लिहिलेलं असतं आणि माणूस तेच धरून बसतो. १:५० म्हणजे लिटरला २० मिली. टू-स्ट्रोक बाइकमध्ये क्रँकचे बेअरिंगसुद्धा त्याच तेलावर चालतात म्हणून तिथे एवढं लागतं, रोटरीच्या बेअरिंगना सम्पमधून प्रेशरने वेगळं तेल जातं, त्यामुळे इथे फक्त सीलपुरतं हवं. ओएमपी नीट चालू असेल तर लिटरला साधारण ४ मिली, म्हणजे १:२५०, बऱ्याच लोकांचं यावरच चालतं. ओएमपी काढून टाकला असेल तर ८ मिलीच्या आसपास, म्हणजे १:१२५. ट्रॅकवर सतत वरच्या आरपीएमला पळवणारे १० मिलीपर्यंत जातात. ४० लिटर पेट्रोलला पहिल्या हिशोबाने १६० मिली होतं आणि डब्यावरच्या हिशोबाने ८०० मिली, फरक बघा केवढा आहे.

जास्त घातलं तर बिघडतं काय? प्लग तेलकट होतात, कार्बन साठतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर खराब व्हायला लागतात, आणि टर्बो गाडी असेल तर अजून एक धोका आहे, तेलामुळे पेट्रोलचं ऑक्टेन थोडं खाली येतं. १:२५० ला हा परिणाम नगण्य, पण १:५० करून वर बूस्टही (टर्बोचा हवेचा दाब) वाढवलेला असेल तर नॉकिंगला, म्हणजे पेट्रोल आत अवेळी भडकायला, आमंत्रण दिल्यासारखंच आहे. पिस्टन इंजिन थोडं नॉकिंग सहन करतं, रोटरी करत नाही, एका झटक्यात अ‍ॅपेक्स सील तुटू शकतो. ट्यून करून घेताय तर ज्या मिश्रणावर रोज चालवणार तेच टाकीत ठेवून ट्यून करा.

हिशोब नेहमी जेवढं पेट्रोल नव्याने भरणार तेवढ्याचाच करायचा, पूर्ण टाकीचा नाही. अर्धी टाकी मिश्रण शिल्लक असताना पूर्ण टाकीचं तेल ओतलं की प्रमाण लगेच वर जातं, प्रत्येक वेळी असंच केलं तर वरच राहतं. अंदाजपंचे ओतू नका, खुणा असलेली मोजमापाची बाटली गाडीत ठेवा. आणि तेल आधी ओता, पेट्रोल नंतर, म्हणजे पेट्रोलच्या धारेनेच ते ढवळलं जातं. टाकी भरून झाल्यावर वरून ओतलं आणि त्यात थंडी असली तर घट्ट तेल काही वेळ खालीच बसून राहू शकतं. एकदा नीट मिसळलं की मात्र ते वेगळं होत नाही, रात्रभर गाडी उभी राहिली म्हणून काळजी करायची गरज नाही. इंजेक्टर किंवा पंप तेलाने चोक होतील ही भीतीही सोडा, एवढ्या पातळ प्रमाणाला तसं काही होत नाही.

हाताला लागेल ते तेल ओतणं

काही जण उरलेलं इंजिन ऑइलच टाकीत ओततात, की ओएमपी पण तेच तर वापरतो ना. वापरतो, खरं आहे, पण ती तडजोड आहे. इंजिन ऑइल जाळण्यासाठी बनवलेलंच नसतं, त्यात कॅल्शियम, झिंक असले अ‍ॅडिटिव्ह असतात आणि जळल्यावर त्यांची राख उरते. जासो या जपानी मानकाच्या एफसी, एफडी ग्रेडच्या टू-स्ट्रोक तेलात सल्फेटेड राखेची मर्यादा ०.२५ टक्के आहे, गाडीच्या नेहमीच्या इंजिन ऑइलमध्ये ती १ टक्क्याच्या आसपास असते. राख जास्त म्हणजे सीलच्या खाचांमध्ये घाण जास्त, आणि खाचेत सील अडकला की कॉम्प्रेशन (आतला दाब) गेलं.

माझं मत विचाराल तर जासो एफडी डोळे झाकून घ्या. बोटींच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ तेल वापरणारेही पुष्कळ आहेत, ते जवळजवळ बिनराखेचं असतं, पण पाण्याने थंड होणाऱ्या, त्या मानाने गार चालणाऱ्या इंजिनांसाठी बनवलेलं असतं. त्यावर भांडत बसण्यात अर्थ नाही. एरंडेलवालं रेसिंग तेल मात्र नको म्हणजे नको, ते जळताना चिकट थर सोडतं आणि पेट्रोलमध्ये नीट मिसळतही नाही. इथेनॉल खूप जास्त असलेलं इंधन वापरत असाल तर आधी काचेच्या बरणीत थोडं मिसळून ठेवा आणि थर वेगळा होतोय का बघा, कारण पेट्रोलमध्ये छान विरघळणारं तेल तिथे विरघळेलच असं नाही.

"आता प्रीमिक्स करतोय, मग ओएमपी काढून टाकू"

यावर जरा थांबून बोलायला पाहिजे.

ओएमपी काढायची कारणं समजतात मला. पंपाकडून सीलपर्यंत जाणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक नळ्या जुन्या झाल्या की कडक होऊन तडकतात, नोझलमधले चेक व्हॉल्व्ह निकामी होतात, आणि पंप देतो ते सम्पमधलं वापरलेलं तेल. पण काढल्यावर काय काय बदलतं हे लोक बघतच नाहीत. माझदाच्या रोटरी गाड्यांपैकी १९८९ पासूनच्या आरएक्स-७ मध्ये आणि आरएक्स-८ मध्ये हा पंप इलेक्ट्रॉनिक आहे, नुसता कनेक्टर ओढून काढला की इसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) बिघाड दिसतो आणि गाडी लिम्प मोडमध्ये जाते, ताकद कमी करून चालते, म्हणजे इसीयूचंही काम करावं लागतं. त्यानंतर गाडीत एकदा जरी तेल न घालता पेट्रोल भरलं, किंवा गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला दिली आणि त्याने भरलं, तर ती अख्खी टाकी सील कोरडे. भरायच्या झाकणाच्या आत ठळक चिठ्ठी चिकटवा.

आणि याहून लपलेली गोष्ट म्हणजे फ्युएल कट. वरच्या आरपीएमला असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्शनवाल्या गाडीत इसीयू पेट्रोल बंद करतो. पेट्रोल बंद म्हणजे प्रीमिक्सचं तेलही बंद! रोटर मात्र जोरात फिरतच असतो. ओएमपी असेल तर तो पेट्रोलवर अवलंबून नसतो, नसेल तर लांब उतारावर इंजिन ब्रेकिंग करत खाली येताना सीलना आधीच्या पातळ थरावरच भागवावं लागतं. अशा गाडीला ट्यूनमध्ये फ्युएल कट बंद किंवा कमी करून घ्या आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये आरपीएम ताणत राहू नका.

म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत दोन्ही ठेवा असंच मी सांगेन. ओएमपी ठराविक जागी तेल सोडतो, प्रीमिक्स पेट्रोलबरोबर सगळीकडे पसरतं. माझदाने स्वतःच २००९ च्या आरएक्स-८ मध्ये प्रत्येक रोटरमागे तेलाचे दोनऐवजी तीन इंजेक्टर केले, म्हणजे तेल नेमकं कुठे पोचतं याला किती महत्त्व आहे ते समजा. काही जण अ‍ॅडाप्टर लावून ओएमपीला वेगळ्या छोट्या टाकीतून स्वच्छ टू-स्ट्रोक तेल देतात, चांगला उपाय आहे, फक्त ती छोटी टाकी रिकामी झाली तर पंप हवा ओढतो, तेव्हा लेव्हलची वॉर्निंग लाइट लावाच.

डिपस्टिककडे दुर्लक्ष

ओएमपी असलेली रोटरी सम्पमधलं तेल खाणारच, प्रीमिक्स सुरू केलं म्हणून ते थांबत नाही. दर दुसऱ्या पेट्रोल भरण्याला डिपस्टिक बघा. आणि लेव्हल अजिबात खाली जात नाही म्हणून खूश होऊ नका, पंप तेल देत नसण्याची ती खूण असू शकते, किंवा सम्पमध्ये पेट्रोल उतरून लेव्हल तशीच दिसत असेल, डिपस्टिकचा वास घेऊन बघा. पंप किती तेल देतोय ते नळ्या काढून, ठराविक आरपीएमवर मोजायची पद्धत सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. ते करताना नळ्या सुटलेल्या असतात, तेव्हा टाकीत प्रीमिक्स पाहिजेच.

धूर दिसला की सगळा दोष प्रीमिक्सला

१:२५० ला निळा धूर डोळ्यांना दिसायला नको. दिसत असेल तर ओएमपी चालू असलेल्या गाडीत एक टाकी बिनप्रीमिक्सची चालवून बघा. धूर गेला तर तुमचं मोजमाप चुकत होतं. तसाच राहिला तर रोटरच्या ऑइल रिंगा किंवा त्यांचे ओ-रिंग, टर्बो असेल तर टर्बोचे सील बघायला लागतील. पांढरा, गोडसर वासाचा धूर आणि कूलंट कमी होत असेल तर तो कूलंट सीलचा प्रश्न आहे, त्याचा प्रीमिक्सशी काहीच संबंध नाही.

प्लग काढून बघा. तेलाने चकचकीत ओला असेल तर तेल जास्त. पेट्रोलचा वास येणारा ओला असेल तर फ्लडिंग, म्हणजे आत पेट्रोल साचलंय, आरएक्स-८ थंड असताना दोन मिनिटं हलवून लगेच बंद केली की हे होतं. परत लावताना लीडिंग आणि ट्रेलिंग या प्रत्येक रोटरच्या दोन प्लगांची अदलाबदल करू नका, दोघांची हीट रेंज (उष्णता बाहेर टाकायची क्षमता) वेगळी असते.

गरम इंजिन सुरू व्हायला त्रास देतंय आणि प्रीमिक्स वाढवलं की बरं होईल असं वाटत असेल तर तिथेच थांबा. झिजलेला सील तेलाने भरून येत नाही. कॉम्प्रेशन टेस्ट करा, पण रोटरीच्या टेस्टरवर, कारण साधा गेज रोटरच्या तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगल्या बाजूचाच आकडा धरून ठेवतो आणि एक बाजू मेलेली असली तरी कळत नाही. आरएक्स-८ ला २५० आरपीएमवर ६८० केपीए ही किमान मर्यादा आहे. त्याखाली आकडा आला तर टाकीत काय ओतता याने फरक पडणार नाही, इंजिन उघडावंच लागेल.