सोयाबीनचे बियाणे सप्टेंबरमध्ये राखा, जूनमध्ये शोधू नका

माळव्यात लवकर येणारे सोयाबीन आता कापणीवर आले आहे आणि परतीचा पाऊस अजून गेलेला नाही. तेव्हा हे वाचून ठेवून न देता आजच शेतात शिरावे. इंदूरजवळच्या देपालपूर, सांवेर भागात वर्षानुवर्षे मी एकच हयगय पाहतो आहे: पीक उभे असताना बियाण्याचा तुकडा कोणी वेगळा राखत नाही, सगळा माल एका ढिगात मळला जातो आणि जूनमध्ये दुकानदार देईल ती महाग पिशवी घरी येते.

सोयाबीन स्वपरागित, म्हणजे आपल्याच फुलाच्या परागाने फळणारे, असल्याने शुद्ध वाणाची संतती मूळ झाडासारखीच निघते आणि घरचे बियाणे दोन-तीन हंगाम खुशाल चालते. संकरित मक्याचे गुण मात्र पुढच्या पिढीत विखुरतात, म्हणून तिथे दरवर्षी खरेदी अटळ असते; हा फरक दुकानात सहसा कोणी सांगत नाही. सोयाबीनचा वाण बिघडतो तो बहुधा भेसळीने. म्हणून पाणी न साचलेला तुकडा निवडून उंची, शेंगेवरची लव आणि पिकण्याचा काळ यांत वेगळे दिसणारे प्रत्येक झाड मुळासकट उपटावे.

उकिरड्याजवळच्या जोमदार झाडाला भुलू नये. डॅनिश शास्त्रज्ञ योहानसन यांनी १९०३ मध्ये घेवड्यावर दाखवले की एकाच शुद्ध वंशातले मोठे दाणे निवडले तरी पुढची पिढी मोठ्या दाण्यांची होत नाही. खताने आलेला जोम वारशात उतरत नाही. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या पिवळ्या मोझॅक या विषाणूरोगाने वेढलेल्या जागी हिरव्या राहिलेल्या झाडांना मात्र चिंधी बांधून ती वेगळी मळावीत आणि पुढल्या वर्षी एका ओळीत पेरून पाहावीत, असे मला वाटते. ही शिफारस नव्हे, अंदाज आहे; पांढरी माशी नुसती चुकली असेल तर ती ओळही पिवळी पडेल.

पिकलेली शेंग भिजत-वाळत राहिली की उगवणशक्ती झपाट्याने घटते, कारण या दाण्याचे साल फार पातळ असते. सुमारे ९५ टक्के शेंगांचा रंग पालटताच, उघडीप पाहून, बियाण्याचा तुकडा आधी कापावा. मजूर स्वस्त होण्याची वाट पाहू नये.

- मळणी: यंत्र आधी झाडून घ्यावे; ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४००.
- साठवण: ओलावा १० टक्क्यांच्या आत; थप्पी चार पोत्यांची; पोती आपटू नयेत.
- उगवण चाचणी: मे महिन्यात १०० दाणे ओल्या बारदानात, किमान ७० उगवावेत.
- बीजप्रक्रिया: किलोला ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी उपयुक्त बुरशी) ८ ते १० ग्रॅम, रायझोबियम (नत्र देणारे जिवाणू) ५ ग्रॅम.
- पेरणी: सुमारे १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच.

ज्यांचे जेएस ९५-६० वाणाचे सोयाबीन मोझॅकने सरसकट पिवळे पडले, त्यांनी तेच बियाणे राखू नये. जेएस २०-६९ सारख्या मोझॅकला दाद न देणाऱ्या वाणाचे थोडे प्रमाणित बियाणे घेऊन एका बिघ्यावर वाढवावे, म्हणजे पुढल्या सप्टेंबरात राखण्याजोगा तुकडा घरचाच असेल.