सीएनसी कंट्रोलरचे पॅरामीटर: या चुका टाळा

सीएनसी मशीन बंद केलं तरी त्याचा कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारा संगणक, काही विसरत नाही, असं आपण धरून चालतो. पण फानुक कंपनीच्या ०आय, १६आय, १८आय या कंट्रोलरमध्ये पॅरामीटर (मशीनच्या सेटिंगचे आकडे), ऑफसेट (टूलची मापं) आणि पिच एरर कॉम्पेन्सेशन (अॅक्सिसच्या स्क्रूमधल्या चुकांची भरपाई) एसरॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत, असतात, आणि मेन स्विच बंद असताना ती मेमरी तगते ३ व्होल्टच्या एका लिथियम बॅटरीवर. स्क्रीनच्या खालच्या पट्टीत ‘बॅट’, म्हणजे बॅटरी संपत आल्याची सूचना, लुकलुकायला लागली की ऑपरेटर दोन दिवस बघतो, मग त्याला सवय होते. पहिली चूक हीच.

दुसरी चूक म्हणजे बॅटरी दोन प्रकारच्या असतात हे विसरणं. वर सांगितली ती मेमरीची. अॅब्सोल्यूट एन्कोडरची, म्हणजे मशीन बंद असतानाही अॅक्सिसची जागा लक्षात ठेवणाऱ्या सेन्सरची, वेगळी, बऱ्याच मशीनवर चार मोठ्या अल्कलाइन सेलचा डबा. ३०६, ३०७, ३०८ हे अलार्म त्या डब्याचे. ते आले म्हणून मेमरीची बॅटरी बदलत बसलात तर अलार्म जागचा हलणार नाही. बदलायची रीतही उलटी आहे. मेमरीची बॅटरी बदलायची तर मशीन अर्धा मिनिट चालू ठेवून बंद करा आणि नवी बॅटरी ३० मिनिटांच्या आत बसवा. एन्कोडरचे सेल मात्र कंट्रोलर चालू ठेवून, इमर्जन्सी स्टॉपचं बटण दाबूनच बदलायचे. बंद मशीनमध्ये ते काढले की होम पोझिशन (अॅक्सिसची मूळ जागा, जिथून सगळी मापं मोजतात) गेली. पुढच्या वेळी चालू करताना ३०० नंबरचा अलार्म तुमची वाट बघत असतो.

आणि खरा घोळ त्यानंतर सुरू होतो. कुणीतरी फोनवर सांगतं, "पॅरामीटर १८१५ मध्ये चौथा बिट १ कर." या पॅरामीटरमध्ये ० किंवा १ असे आठ आकडे, म्हणजे बिट, असतात आणि चौथा बिट १ केला की होम ठरलं असं कंट्रोलर धरतो. बिट उजवीकडून आणि शून्यापासून मोजतात, त्यामुळे चौथा बिट म्हणजे उजवीकडून पाचवा आकडा. एकपासून मोजलात तर भलताच बिट बदलतो. आणि शेजारचा पाचवा बिट चुकून ० केलात तर अॅब्सोल्यूट एन्कोडरच वापरातून जातो. बिट बरोबर असला तरी अॅक्सिस (मशीनचा सरकणारा भाग) आधी खऱ्या होम खुणेवर आणला नसेल, तर तो उभा असेल तीच जागा कंट्रोलर होम मानतो. सॉफ्ट लिमिट (अॅक्सिसने कुठवर जायचं याची कंट्रोलरमधली हद्द) आणि टूल बदलायची जागा दोन्ही तेवढ्याच सरकतात. अलार्म नसतो, सगळं हिरवं दिसतं, आणि पहिल्याच टूल चेंजला टूल बदलणारा आर्म स्पिंडलला (टूल धरून फिरवणाऱ्या भागाला) धडकतो. म्हणून बिट बदलल्यावर रॅपिड ओव्हरराइड (वेग कमी-जास्त करायचं बटण) सगळ्यात कमी ठेवून अॅक्सिस हळूहळू हलवून बघा.

बॅकअप आहे म्हणून निर्धास्त राहणारेही फसतात. एका कारखान्यात मेमरी गेल्यावर आम्ही आठ महिन्यांपूर्वीची एसरॅमची इमेज (अख्ख्या मेमरीची नक्कल) टाकली. मशीन सुरू झालं, सगळे खूश. पण त्या इमेजबरोबर पीएमसीचा (टूल बदलण्यासारख्या कामांचा ताबा असणाऱ्या कंट्रोलरच्या भागाचा) डेटा टेबलही आठ महिने जुना आला होता, म्हणजे मॅगझिनमध्ये (टूल ठेवायच्या साठ्यात) कुठल्या पॉकेटला कुठलं टूल याची यादी तेव्हाची. पाच नंबरचं टूल मागवलं आणि आर्मच्या हातात आलं भलतंच, फेस मिल. ड्राय रन (कापणी न करता प्रोग्राम चालवून बघणं) घेतला म्हणून जॉब वाचला. तेव्हापासून माझा शिरस्ता असा, की इमेज टाकली की मॅगझिनमधलं प्रत्येक टूल डोळ्यांनी बघून यादी जुळवायची, ऑफसेट पुन्हा घ्यायचे, मगच सायकल स्टार्ट.

जुळ्या मशीनचा बॅकअप तर अजिबात टाकू नका. मॉडेल एकच असलं तरी पिच एरर, बॅकलॅश (दिशा बदलताना स्क्रूत राहणारी ढिलाई, पॅरामीटर १८५१) आणि ग्रिड शिफ्ट (होमची जागा थोडी सरकवणारा आकडा, पॅरामीटर १८५०) प्रत्येक मशीनचे आपापले असतात. मशीन चालेल, पण माप शेजारच्या मशीनच्या स्क्रूचं लागेल.

इमेजच्या जोडीला पॅरामीटरची टेक्स्ट फाइलही काढून ठेवा. फाइल कुठे काढायची ते पॅरामीटर २० ठरवतो: ४ टाकलं की मेमरी कार्ड, १७ टाकलं की यूएसबी (तुमच्या कंट्रोलरला असेल तर). टेक्स्ट फाइल कॉम्प्युटरवर उघडून जुन्या फाइलशी ताडता येते. रात्रपाळीत कुणी काय बदललं हे तिथेच सापडतं.

पॅरामीटर राइट (पॅरामीटर बदलायची परवानगी देणारं सेटिंग) १ करून तसंच सोडणं ही किरकोळ वाटणारी चूक. १०० नंबरचा अलार्म त्याची आठवण द्यायलाच असतो. कॅन्सल आणि रीसेट एकत्र दाबून तो घालवायचा आणि राइट १ च ठेवायचं, हे मी अनेकदा पाहिलंय. काम झालं की ० करा. एका वेळी एकच पॅरामीटर बदला आणि जुना आकडा पॅनेलच्या दाराआतल्या वहीत लिहा, मोबाइलच्या फोटोत नको. फोटो काढणारा माणूस पुढच्या पाळीला घरी गेलेला असतो.