रस्टमध्ये बायनरी फाइलमधून नल-टर्मिनेटेड स्ट्रिंग कशी वाचायची

सी मध्ये लिहिलेल्या प्रोग्रामची फाइल रस्टमध्ये वाचायला घेतली की पहिली अडचण नावांची येते. सी वाले स्ट्रिंगसोबत लांबी ठेवत नाहीत, शेवटी एक शून्य बाइट (नल) ठेवतात, तिथे स्ट्रिंग संपली. रस्टच्या स्ट्रिंगला तिची लांबी माहीत असते आणि मधात शून्य आला तरी तिला चालते, म्हणून कुठे थांबायचं हे तुम्हालाच सांगावं लागते.

समजा नागपूरच्या बस स्टॉपची फाइल आहे, प्रत्येक रेकॉर्ड २० बाइटचा, पहिले १६ नावाचे, पुढचे ४ स्टॉप नंबरचे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, काना, वेलांटी, हलंत सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे सदर ९ बाइट, महाल १२, बर्डी १५ अन् शून्य धरून बरोबर १६. इतवारी १८, ते बसतच नाही.

आधी हद्द ठरवा. पूर्ण डेटावर चंक्स-एक्झॅक्ट २० लावा, ते डेटाचे २०-२० बाइटचे तुकडे करते, प्रत्येक तुकड्यातून पहिले १६ बाइट वेगळे काढा, आणि शून्य फक्त त्या १६ मध्येच शोधा. शेवटी अर्धवट रेकॉर्ड उरला असेल तर तो रिमेंडर मध्ये मिळते, तो तपासाच, फाइल कुठे तुटली ते तिथे कळते.

मग शून्य शोधायला सी-स्ट्र (सी च्या स्ट्रिंगसाठी रस्टमधला प्रकार) चं फ्रॉम-बाइट्स-अंटिल-नल वापरा, हे रस्ट १.६९ पासून, म्हणजे २०२३ पासून स्टेबल आहे, पहिल्या शून्यापर्यंतचा भाग कॉपी न करता देते आणि शून्य नसला तर एरर देते. फ्रॉम-बाइट्स-विथ-नल इथे घेऊ नका भाऊ, त्याला शून्य फक्त शेवटच्या जागी पाहिजे, पॅडिंगवाल्या, म्हणजे नावानंतरची जागा शून्यांनी भरलेल्या फील्डवर ते एरर देईल. आणि फ्रॉम-पॉइंटर तर फाइलच्या डेटासाठी नकोच, ते अनसेफ आहे, शून्य सापडला नाही तर बफरच्या बाहेर वाचत जाते. जुना कंपायलर असेल तर इटरेटरवर पोझिशन लावून पहिला शून्य शोधा, काम तेच होते.

बरेच जण आधी पूर्ण १६ बाइट यूटीएफ-८ मध्ये बदलतात आणि मग शेवटचे शून्य ट्रिम करतात. हे चुकीचं आहे, आणि काहून ते नीट पाहा. त्याच बफरमध्ये आधी महाल लिहिलं होतं, मग त्यावर सी च्या स्ट्रकॉपीने सदर लिहिलं. सदरचे ९ बाइट, दहावा शून्य, आणि अकरावा-बारावा बाइट महालमधल्या ल चे उरलेले १६४ आणि १७८. हे दोन एकटे यूटीएफ-८ मध्ये वैध नाहीत, म्हणून पूर्ण फील्डच एरर देते, ट्रिमपर्यंत गाडी पोचतच नाही. म्हणून आधी शून्यावर कापा, मगच टू-स्ट्र ने यूटीएफ-८ स्ट्रिंग करा.

आता इतवारी. सी च्या स्ट्रएनकॉपीने, जे ठरवलेल्या बाइटपुरतंच कॉपी करते, ते १६ बाइटच्या फील्डमध्ये टाकलं तर १६ बाइट भरून जातात आणि शून्य लागतच नाही. टार, म्हणजे अनेक फाइल एकत्र बांधलेल्या फाइलमध्येही हे चालते, तिथे नावाचं फील्ड १०० बाइटचं आहे आणि नाव पूर्ण १०० चं असलं तर शून्य नसते. अशा फॉरमॅटमध्ये शून्य न सापडणं म्हणजे पूर्ण फील्ड हेच नाव, दुसऱ्या फॉरमॅटमध्ये तीच फाइल खराब समजायची, हा निर्णय कोडमध्ये स्पष्ट लिहा. आपल्या उदाहरणात सोळावा बाइट म्हणजे री मधल्या वेलांटीचा पहिला बाइट, बाकीचे दोन कापले गेले, म्हणून यूटीएफ-८ एरर येईल आणि तिच्या व्हॅलिड-अप-टू मध्ये, म्हणजे किती बाइटपर्यंत बरोबर आहे त्यात, १५ मिळेल. तेवढं घेतलं तर 'इतवार' उरते. स्ट्रिंग चं फ्रॉम-यूटीएफ-८-लॉसी वापरलं तर शेवटी चौकोनी प्रश्नचिन्ह येते, लॉगमध्ये दाखवायला ठीक आहे, डेटाबेसमध्ये टाकायला अजिबात नाही.

नावं एकामागे एक, प्रत्येकाच्या शेवटी शून्य, अशी फाइल असेल तर बफ-रीड चं रीड-अंटिल चालते, ते पुढच्या शून्यापर्यंत वाचते. ते शून्यही व्हेक्टरमध्ये टाकते, तो पॉप करा, पण शेवटचा बाइट खरंच शून्य आहे का ते आधी पाहा, कारण फाइल मधातच संपली तरी ते एरर देत नाही. बाहेरून आलेली फाइल असेल तर आधी टेक लावून किती बाइट वाचायचे याची मर्यादा घाला, नाहीतर शून्य नसलेली मोठी फाइल पूर्ण मेमरीत येईल. फिक्स साइजच्या रेकॉर्डवर मात्र रीड-अंटिल लावू नका, पॅडिंग मागे राहते आणि पुढचे सगळे फील्ड सरकतात.

विंडोजच्या यूटीएफ-१६ फाइलमध्ये, जिथे देवनागरी चिन्ह आणि स्पेस प्रत्येकी २ बाइट घेतात, एकेक बाइट शोधणं चालत नाही. देवनागरी चिन्हात शून्य बाइट सहसा येत नाही, त्यामुळे टेस्टमध्ये बर्डी बरोबर येते, पण नावात स्पेस आली की तिचा दुसरा बाइट शून्य असते आणि नाव तिथेच कापलं जाते. तिथे चंक्स-एक्झॅक्ट २ ने जोड्या करून दोन्ही बाइट शून्य असलेली जोडी शोधा.