प्रदूषण नियंत्रण मंडळाची अंमलबजावणी कशी तपासावी: नाशिकच्या अभ्यासकांसाठी

मंडळ काम करते का, असा प्रश्न महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारला की उत्तरात अमुक पाहण्या झाल्या, अमुक नोटिसा गेल्या, अमुक नमुने घेतले असे आकडे येतात. हे आकडे खोटे नसतात, पण त्यांतून कार्यालयाची धावपळ मोजली जाते. कायद्याचा अंमल झाला की नाही, हे त्यांतून कळत नाही. अंमलबजावणीचे खरे माप एका नापास, म्हणजे प्रदूषणाची मर्यादा ओलांडलेल्या, नमुन्याच्या नस्तीत (फाइलीत) सापडते. तो नमुना कधी घेतला, अहवाल कधी आला, त्यावर पहिले पत्र कधी निघाले, पुढे काय कारवाई झाली आणि त्याच नाल्याच्या तोंडावरचा फेरनमुना मर्यादेत केव्हा आला, एवढी साखळी मांडता आली की मूल्यमापनाचे निम्मे काम झाले.

सुरुवातीला अभ्यासाची चौकट लहान ठेवावी. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहती, महापालिकेची मलनिस्सारण केंद्रे, एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र आणि दिंडोरीकडच्या वायनऱ्या एकाच अहवालात कोंबल्या तर कशालाच न्याय मिळत नाही. नंदिनी (जुनी नासर्डी) नदीचा सातपूरपासून गोदावरीला मिळेपर्यंतचा पट्टा किंवा अंबडमधील केवळ लाल श्रेणीचे, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी गटातले, उद्योग, अशी एखादी मर्यादा घ्यावी आणि कालावधी किमान तीन वर्षांचा ठेवावा, कारण एका वर्षाच्या नस्तीत कारवाईचा शेवट सहसा दिसत नाही.

त्यानंतर छेद, म्हणजे टक्केवारी ज्या एकूण संख्येवर काढायची ती संख्या, ठरवावा. मंडळाची टक्केवारी संमतीपत्र (सांडपाणी किंवा धूर सोडण्यासाठी मंडळाची परवानगी) घेतलेल्या उद्योगांवर काढलेली असते; ज्याने संमतीपत्रच घेतलेले नाही, तो उद्योग त्या हिशेबात मुळी येतच नाही. म्हणून वसाहतीतील चालू भूखंडांची यादी आणि मंडळाची संमतीपत्रांची यादी शेजारी शेजारी ठेवून पाहावी. ज्यांच्या संमतीपत्राची मुदत संपली आहे आणि नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित आहे, त्यांचा वेगळा गट करावा. हा गट मोठा निघाला, तर पुढच्या कोणत्याही आकड्याकडे पाहण्यापूर्वी तीच नोंद अहवालात पहिली यायला हवी.

कागद मिळवण्याचे मार्ग अनेक आहेत. बरीच संमतीपत्रे मंडळाच्या संकेतस्थळावर असतात. शिवाय 1974 च्या जल कायद्याच्या कलम 25(6) नुसार संमतीच्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची असते आणि संबंधित किंवा बाधित व्यक्तीला ती पाहता येते. या तरतुदीची आठवण अर्जात करून दिलेली बरी. पाहणी अहवाल, प्रयोगशाळेचे अहवाल आणि पत्रव्यवहार मात्र बहुतेक वेळा माहिती अधिकारातूनच मागावे लागतात. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे ‘सर्व माहिती द्यावी’ अशी मोघम मागणी करू नये. ‘अमुक भूखंडावरील उद्योगाच्या अमुक ते अमुक कालावधीतील पाहणी अहवालांच्या, नमुना विश्लेषण अहवालांच्या आणि त्यावर निर्गमित केलेल्या पत्रांच्या प्रती, तसेच मूळ नस्तीचे अवलोकन’ असे लिहिले की टाळाटाळीला जागा कमी उरते. अवलोकनाचा आग्रह अवश्य धरावा. झेरॉक्स प्रतींच्या गठ्ठ्यात न येणारे टिपणीचे पान तेथेच पाहायला मिळते, आणि कारवाई कोणत्या टेबलावर थांबली हे त्या पानावरून कळते.

आता नमुन्याच्या अहवालाकडे वळू, कारण सर्वाधिक फसगत येथेच होते. अंबड-सातपूरमध्ये प्लेटिंगचे, म्हणजे धातूला मुलामा देण्याचे, अनेक छोटे कारखाने आहेत. प्लेटिंगच्या सांडपाण्यात सेंद्रिय भार फारसा नसतो, त्यामुळे अशा कारखान्याचा बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणाऱ्या प्राणवायूचे माप) छान मर्यादेत दिसतो आणि अहवाल ‘पास’ होतो. तेथे पाहायचे असते ते षट्संयुजी क्रोमियम (मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम), एकूण क्रोमियम (2), निकेल (3), जस्त (5) आणि सायनाइड (0.2). अहवालात हे रकानेच नसतील, तर तो नमुना घेतला काय आणि न घेतला काय, सारखेच. म्हणून प्रत्येक अहवालाबाबत पहिला प्रश्न असा असावा: या उद्योगातून जे घातक द्रव्य बाहेर पडू शकते, ते तपासले होते का? दुसरा प्रश्न तारखांचा आहे. नमुना घेतल्याची तारीख आणि तो प्रयोगशाळेत पोहोचल्याची तारीख यांत अंतर पडले, तर बीओडीच्या आकड्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. तिसरा प्रश्न जागेचा आहे: नमुना ईटीपीच्या (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) निर्गम टाकीतून घेतला की आवाराबाहेरच्या गटारातून? प्रक्रिया केंद्र चोख आणि मागच्या भिंतीखालून वेगळी वाट, असा प्रकार असेल तर निर्गम टाकीचे शंभर नमुनेही काही सांगणार नाहीत.

मग हंगाम पाहावा. साखर कारखान्याची तपासणी गाळप संपल्यावर आणि वायनरीची तपासणी द्राक्षांचा हंगाम उलटल्यावर झाली असेल, तर कागदावर पाहणी एकच भरते आणि प्रत्यक्षात शून्य. दिंडोरी तालुक्यात द्राक्षांचे क्रशिंग प्रामुख्याने जानेवारी ते मार्च या काळात चालते. जुलैमध्ये झालेल्या पाहणीचे मोल त्या मानानेच धरावे. गोदावरीच्या नमुन्यांना हाच नियम वेगळ्या रीतीने लागू होतो. गंगापूर धरणातून आवर्तन सुटलेले असताना घेतलेल्या नमुन्यात पाणी पातळ होऊन आकडे सुधारतात, म्हणून नमुन्याच्या तारखांशेजारी जलसंपदा विभागाच्या विसर्गाच्या तारखा लिहून काढाव्यात.

कारवाईच्या पायऱ्या सांगायला सोप्या आहेत: कारणे दाखवा नोटीस, प्रस्तावित निर्देश, अंतरिम निर्देश, बँक गॅरंटी (अटी पाळण्याची हमी म्हणून उद्योगाकडून घेतलेली रक्कम), आणि शेवटी जल कायद्याच्या कलम 33अ किंवा 1981 च्या हवा कायद्याच्या कलम 31अ खाली उद्योग बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आदेश. प्रत्येक पायरीपुढे तारीख लिहावी आणि दोन पायऱ्यांतील दिवस मोजावेत. बँक गॅरंटीबाबत ती घेतली की नाही एवढ्यावर थांबू नये; अट मोडल्यावर ती जप्त झाली का, हे पाहावे. बंदचा आदेश निघाला असेल तर वीज प्रत्यक्ष कोणत्या दिवशी तोडली गेली आणि पुन्हा सुरू करण्याच्या आदेशापूर्वी फेरनमुना घेतला होता का, हे दोन कागद शोधावेत. त्याचबरोबर नमुन्याचा प्रकारही नोंदवावा. रोजच्या देखरेखीत घेतला जाणारा संयुक्त दक्षता नमुना, ज्याला सर्रास ‘जेव्हीएस’ म्हणतात, तो वेगळा. आणि जल कायद्याच्या कलम 21 ची पद्धत पाळून, नोटीस देऊन, दोन भाग करून सीलबंद केलेला कायदेशीर नमुना वेगळा, कारण न्यायालयात पुरावा म्हणून टिकतो तो दुसराच. एखादा उद्योग वर्षानुवर्षे नापास होत असताना नस्तीत एकही कायदेशीर नमुना नसेल, तर प्रकरण न्यायालयात नेण्याचा विचारच झाला नाही, असा निष्कर्ष काढायला हरकत नाही.

वर्षांची तुलना करताना कायदा मध्येच बदलला आहे, याचे भान ठेवावे. जनविश्वास कायद्यातील दुरुस्त्या हवा कायद्यासाठी आणि 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्यासाठी 1 एप्रिल 2024 पासून लागू झाल्या आणि बहुतेक उल्लंघनांसाठी तुरुंगवासाऐवजी 10 हजार ते 15 लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. त्यामुळे खटल्यांची संख्या त्या तारखेनंतर घटली, तर ती ढिलाई म्हणून मोजू नये. दंड किती ठोठावला आणि किती वसूल झाला, ते पाहावे. जल कायद्यातील 2024 ची दुरुस्ती आधी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपुरती होती व इतर राज्यांनी ती ठरावाने स्वीकारायची होती, म्हणून प्रत्येक नस्तीत कोणत्या तरतुदीचा हवाला दिला आहे ते वाचावे. 4 ऑगस्ट 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम 33अ व 31अ खाली मंडळांना पर्यावरणीय नुकसानीची भरपाई आकारता येते, असे स्पष्ट केले आहे. याउलट कधी कधी मापकच खाली सरकते. औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर 2015 मध्ये आली, तिची मुदत वारंवार वाढत गेली आणि जुलै 2025 मध्ये बहुसंख्य केंद्रांना सूट मिळाली. अशा ठिकाणी ‘पूर्तता’ वाढलेली दिसली तरी धूर तोच असू शकतो. मात्र हा दोष केंद्र सरकारच्या अधिसूचनांचा आहे. तो मंडळाच्या नाशिक कार्यालयाच्या खाती मांडणे योग्य नव्हे.

खाजगी उद्योग आणि महापालिका यांना एकच फूटपट्टी लावली जाते का, ही माझ्या मते सर्वांत बोलकी चाचणी आहे. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक येथील केंद्रांच्या संमतीपत्रांत बीओडीची मर्यादा किती लिहिली आहे, ते आधी पाहावे. 2017 च्या अधिसूचनेत महानगरे आणि बहुतेक राज्यांच्या राजधान्या वगळता ती लिटरला 30 मिलिग्रॅम होती, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 30 एप्रिल 2019 च्या आदेशात देशभरासाठी ती 10 वर आणली. जुना आकडा धरून केंद्र ‘पास’ ठरवणे आणि नवा आकडा धरून ‘नापास’ ठरवणे, दोन्ही शक्य असते. त्यानंतर कारखान्याच्या आणि केंद्राच्या सारख्याच उल्लंघनावर किती दिवसांनी काय कारवाई झाली, याची तुलना मांडावी. केंद्राची वीज तोडता येत नाही, कारण तसे केले तर सारे मैलापाणी थेट नदीत जाईल. ही अडचण खरी आहे आणि ती अहवालात लिहावी, पण बँक गॅरंटी, भरपाई आणि जबाबदार अधिकाऱ्यावरची कारवाई हे मार्ग त्यामुळे बंद होत नाहीत.

नदीच्या आकड्यांचा उपयोग शेवटी आणि जपून करावा. सोमेश्वर, रामकुंड आणि तपोवन येथील एकाच महिन्याचे आकडे क्रमाने मांडले की भर कोठे पडते ते दिसते. स्नानयोग्य पाण्यासाठी बीओडी लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत आणि विरघळलेला प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम असावा लागतो. पण त्यातील किती भार घरगुती मैलापाण्याचा आणि किती कारखान्यांचा, हे एवढ्यावरून ठरत नाही. 2027 च्या सिंहस्थाच्या तयारीत नदीवर होणाऱ्या तात्पुरत्या उपायांमुळे या काळातले आकडे अंमलबजावणीचे फळ मानण्याची घाई तर मुळीच करू नये.

मसुदा तयार झाल्यावर तो त्र्यंबक रस्त्यावरील प्रादेशिक कार्यालयाला पाठवून लेखी म्हणणे मागवावे आणि क्षेत्र अधिकाऱ्यांची मंजूर व भरलेली पदे किती, हेही त्यात विचारावे. एका अधिकाऱ्याकडे किती उद्योग आहेत हे न सांगता उशिराचे दिवस छापणे अन्यायाचे होईल. एखाद्या नस्तीत उल्लंघन स्पष्ट असूनही मंडळ हलत नसेल, तर जल कायद्याच्या कलम 49 नुसार साठ दिवसांची नोटीस देऊन कोणतीही व्यक्ती स्वतः न्यायालयात तक्रार करू शकते, आणि तशी तक्रार झाल्यावर संबंधित अहवाल मागणीनुसार देणे मंडळावर बंधनकारक ठरते. केवळ सार्वजनिक हिताला बाध येत असेल तरच मंडळाला ते नाकारता येतात, त्यामुळे नकार आल्यास त्याचे कारण लेखी घ्यावे.