लिंक दाबली तरी पान हलत नाही? अँकर लिंकमधल्या या चुका टाळा

नागपुरातल्या एखाद्या सावजी भोजनालयाचं लांबलचक मेन्यू-पान घ्या. वर 'वऱ्हाडी थाळी' ही अँकर लिंक, म्हणजे त्याच पानातल्या भागाकडे नेणारी लिंक, खाली त्याच नावाचा भाग. लिंक दाबली की पत्त्यात # आणि नाव दिसतं, पण पान जागचं हलत नाही. लिंकमधला आयडी (त्या भागाला कोडमध्ये दिलेलं नाव) पानात सापडला नाही तर ब्राउझर चूक दाखवत नाही, गप्प राहतो. कन्सोल (ब्राउझरची चुका दाखवणारी खिडकी) कोरा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

मराठी आयडी देत असाल तर 'वऱ्हाडी' या शब्दाला जपा. यातला ऱ्ह दोन रीतींनी टाइप होतो: कुठे ऱ (युनिकोड ०९३१) आणि हलंत, कुठे साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण ब्राउझर अक्षरांचे क्रमांक जुळवतो. म्हणून एचरेफमध्ये (लिंकचा पत्ता लिहायची जागा) नाव पुन्हा टाइप करू नका. एफ-१२ दाबून क्रोमच्या एलिमेंट्समधून (पानाचा कोड दाखवणारा भाग) आयडी कॉपी करा, पुढे # लावून तोच चिकटवा. मराठी आयडी नियमात बसतो, पण कॉपी केलेला पत्ता बहुधा लांबतो: 'तर्री' या शब्दाचे ५ युनिकोड घटक, पत्त्यात % चिन्हांसह प्रत्येकाची ९ अक्षरं, म्हणजे ४५. आमचा कौल रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांना; तिथेही मोठं आणि छोटं अक्षर वेगळं धरलं जातं.

'तर्री पोहे' असा मोकळी जागा असलेला आयडी ब्राउझर चालवून घेतो, पण तो नियमबाह्य आहे आणि सीएसएसमध्ये (पानाची सजावट ठरवणारा कोड) हमखास अडतो. मध्ये आडवी रेघ द्या. एकच आयडी दोनदा आला तर पान पहिल्याकडेच जातं. # विसरलात तर ब्राउझर त्या नावाची फाइल शोधतो आणि ४०४ येतं. बेस टॅग (पानातल्या लिंकांचा मूळ पत्ता ठरवणारा) असेल तर # ची लिंकही त्या पत्त्याला जोडली जाते, आणि वाचक भलत्याच पानावर पोचतो.

इशारे वाचायला फायरफॉक्स सोयीचा. कंट्रोल-यू दाबा, पानाचा कोड उघडतो; मार्कअपची (एचटीएमएल कोडची) चूक लाल दिसते, तिच्यावर माउस नेला की कारण कळतं. नेहमी सर्वांत वरची चूक आधी दुरुस्त करा. एचरेफचं शेवटचं अवतरणचिन्ह राहिलं तर पुढच्या अवतरणचिन्हापर्यंतचा सगळा मजकूर पत्त्यात जातो, आणि खालचे कितीतरी इशारे त्या एकाच चुकीचे असतात. थाळीच्या कार्डाभोवती लिंक आणि आत 'फोन करा' ही दुसरी लिंक, हेही टाळा: दुसरा ए टॅग (लिंकचा टॅग) सुरू होताच पहिला बंद केला जातो.

पान योग्य जागी जातं, पण शीर्षक वर चिकटून राहणाऱ्या पट्टीखाली लपतं? पट्टी ७० पिक्सेलची असेल तर त्या भागाला सीएसएसमधून स्क्रोल-मार्जिन-टॉप ८० पिक्सेल द्या. उडी मारल्यावर पान सरकत असेल, तर वरच्या फोटोंना रुंदी-उंची दिलेली आहे का ते पाहा.